डाव्या पुढच्या चाकातला आवाज

डेस्मंड हेकॉकची गाडी आवाज करते ही बातमी मोआना फ्लॅट गावात फुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात फिजोआंच्या पिशव्या यायला लागल्या. त्याचं असं आहे, की एप्रिलमध्ये त्या गावात घरोघरी परसात फिजोआचा सडा पडतो. हिरवी, अंड्याएवढी फळं. खाऊन खाऊन माणसं विटतात, टाकून देववत नाहीत, म्हणून पिशवीत भरून दुसऱ्याच्या पायरीवर नेऊन ठेवतात. पण नुसती पिशवी ठेवून पळणं बरं दिसत नाही, चार शब्द बोलावे लागतात. त्या वर्षी बोलायला डेसची गाडी मिळाली. प्रत्येक पिशवीबरोबर एक सल्ला, आणि दोन्ही परत करायची सोय नाही.

आवाज असा, की सत्तरच्या खाली गाडी म्हणजे गरीब गाय. सत्तरच्या वर काटा गेला की डावीकडून, पुढून, कुठूनतरी घूंऽऽऽ सुरू. उजव्या वळणावर तो वाढे. डोंगर चढून पलीकडे नेल्सनला जाताना जास्त, तिकडून येताना कमी. ब्रेकवर पाय ठेवला की साफ बंद. आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे डेसनं शेजारी बसलेल्या बायकोला विचारावं, "मर्ल, ऐकू येतोय का?" तर मर्लनं मान वाकडी करून, डोळे बारीक करून नीट कान द्यावा, आणि नेमका तेव्हाच आवाज गप्प!

"नाही बाई, काहीच नाही," मर्ल म्हणायची.

"आत्ता होता!"

"असेल. मग गेला असेल."

आता डेस म्हणजे कुणी ऐरागैरा ड्रायव्हर नव्हे. तो रस्तेखात्यातला निवृत्त मुकादम. डोंगरावरची सत्तावीस वळणं त्याच्या देखरेखीखाली रुंद झाली होती, आणि सतरावं वळण तर त्यानं स्वतः सुरुंग लावून फोडलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे वाक्य तो लग्नात, बारशात आणि माझ्या माहितीप्रमाणे दोन अंत्यविधींतसुद्धा बोललेला आहे. मोटारघरं घेऊन रमतगमत चालणारे पाहुणे डोंगरावर पुढे आले की तो त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्यामुळे गाडी आवाज करते म्हणजे थेट त्याच्या घराण्यालाच बोल लागल्यासारखं झालं होतं.

पहिला संशय अर्थातच त्याच्या कानांवर गेला. पाचच आठवडे झाले होते, दोन्ही कानांत मशिनं बसवून. त्याआधीची पंधरा वर्षं डेसला जग हळू बोलतं असं वाटायचं. मशिनं आल्यावर फ्रीज बोलायला लागला, चिप्सची पिशवी किंचाळायला लागली आणि स्वतःचे बूट ऐकून तो मागे वळून कोण आलंय ते पाहायला लागला. म्हणून तो इमानदारीनं दवाखान्यात गेला. तिथल्या मुलीनं चार पानांचा फॉर्म दिला. 'आवाज कसा आहे?' या प्रश्नाला पाच चौकोन होते : घंटी, शिटी, पाण्याची धार, किडा, इतर. डेसनं 'इतर'वर खूण करून पुढे लिहिलं, 'डावं पुढचं चाक.' मुलीनं तासभर तपासणी केली आणि सांगितलं, "मशिनं उत्तम आहेत. तुम्हाला ऐकू येतंय ते खरंच वाजतंय."

"खरंच वाजतंय!" हे वाक्य डेसनं घरी येऊन इतक्या अभिमानानं सांगितलं, की तीच मोठी चूक झाली. त्यानं ते फोनवर मुलीलाही सांगितलं.

मुलगी रोवीना नेल्सनला राहते. दर गुरुवारी डेस आणि मर्ल डोंगर ओलांडून तिच्याकडे जायचे, कारण गुरुवारी ती कामावर असायची आणि अकरा महिन्यांच्या टिलीला आजी-आजोबा सांभाळायचे. मर्लचा आठवडा गुरुवारी सुरू व्हायचा आणि गुरुवारीच संपायचा. मधले दिवस नुसते भरतीचे.

"बाबा, डावं पुढचं चाक?" रोवीना म्हणाली. "तिथे आई बसते! चाक निखळलं तर? ते काही नाही. दुरुस्त होईपर्यंत डोंगर चढायचा नाही. मी टिलीला शेजाऱ्यांकडे ठेवीन."

"अगं पण ती पाऊल टाकायला लागलीय म्हणालीस ना," मर्ल मागून ओरडली.

"म्हणूनच सांगतेय. तिला आजी धडधाकट हवीय."

आणि फोन बंद.  मर्लनं टिलीसाठी विणायला घेतलेला पायमोजा पिशवीत टाकला आणि फिजोआ सोलायला बसली. तिचं ते गप्प बसणं डेसला आवाजापेक्षा जास्त टोचलं. पोरीचं पहिलं पाऊल पडणार आणि आपण इकडे चाकाला कान लावून बसणार, या विचारानं त्याला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून तो शेडवर गेला.

शेड म्हणजे गावातल्या निवृत्त पुरुषांचं राज्य. बायकांनी घरातून हाकललेले तिथे जमतात, मोडक्या खुर्च्या दुरुस्त करतात आणि चांगल्या खुर्च्या मोडतात. तिथला मुख्य विद्वान म्हणजे आयव्हन व्हुलेटिच. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत काढलेली, त्यामुळे जमिनीवरचं कुठलंही यंत्र त्याला खेळण्यासारखं वाटतं. त्यानं डेसचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं.

"उजव्या वळणावर वाढतो?"

"हो."

"उजव्या वळणावर भार कुठे जातो?"

"डावीकडे."

"मग? चाकाचं बेअरिंग गेलंय, लेका! पोरगंसोरगं सांगेल."

पण शेडचे नियम कडक. सभा झाली, ठराव मांडला, अनुमोदन झालं, आणि आधी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी असं ठरलं. डेस गाडी चालवणार आणि आयव्हन डाव्या सीटवर बसून झाडूचा दांडा एका टोकानं गाडीच्या फरशीला आणि दुसऱ्या टोकानं कानाला लावणार. दोघं नव्वदनं गेले. आवाज नाही. पुन्हा गेले. नाही. तिसऱ्यांदा खड्डा लागला आणि दांडा आयव्हनच्या कानात गेला, तेव्हा आवाज आला, पण तो आयव्हनचा होता.

"आता एक सांग," आयव्हन कान चोळत म्हणाला, "आवाज येतो तेव्हा या सीटवर कोण असतं?"

"मर्ल."

"वजन किती तिचं?"

"मला काय माहीत?"

"बायकोचं वजन माहीत नाही? अरे, भारावर तर सगळं अवलंबून आहे! मी पडलो पंचावन्न किलोचा. बेअरिंग बोलायला नेमका तेवढाच भार हवा. विचारून ये."

आता शहाण्या माणसानं इथे घरी जाऊन झोपावं. पण डेस शास्त्रीय वृत्तीचा. तो गेला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्यानं विचारलं. मर्ल त्या वेळी अठ्ठावीस बाटल्या फिजोआचा मुरंबा घालत होती, हातात मोठा डाव होता. पुढे काय झालं ते मी सांगत नाही. डेस परत आला तेव्हा त्याच्या शर्टाला मुरंबा होता आणि आकडा मिळालेला नव्हता.

"अंदाजे धरू," आयव्हन म्हणाला.

शेडच्या मागे मेंढीखताची पोती होती, पंचवीस किलोची. तीन पोती डाव्या सीटवर एकावर एक रचून पट्ट्यानं आवळली. वरचं पोतं डुगडुगत होतं म्हणून आयव्हननं मागच्या सीटवरची मर्लची उन्हाची टोपी त्यावर दाबून बसवली. गाडी गावातून निघाली. पोस्टातल्या बाईनं हात केला, "काय मर्ल, बरी आहेस ना?" आणि उत्तर आलं नाही म्हणून ती दिवसभर रुसून बसली. डोंगराच्या पायथ्याशी उजवं वळण आलं, डेसनं गाडी पंच्याऐंशीवर घातली आणि वरचं पोतं फुटलं. आवाज नाही तो नाहीच, वर मेंढीखत गिअरच्या दांड्यापर्यंत आलं.

संध्याकाळी मर्ल गाडी पाहायला आली. पट्ट्यात आवळलेली दोन पोती, त्यांच्यावर आपली टोपी. तिनं बराच वेळ पाहिलं.

"ही मी का?"

"अगं, फक्त भारापुरती," डेस म्हणाला.

त्या रात्रीचं जेवण थंड होतं आणि बोलणं त्याहून थंड. पण शेड मागे हटणाऱ्यांतली नव्हती. आयव्हननं जाहीर केलं की मेलेला भार आणि जिवंत भार यांत फरक असतो, आणि बेअरिंग बदलून टाकलं. नवं बेअरिंग आलं, तीन म्हाताऱ्यांनी दोन दिवस खपून बसवलं, जुनं काढून पाहिलं तर ते नव्यापेक्षा चांगलं निघालं. मग मर्लची मनधरणी करून तिला गाडीत बसवलं आणि डेस तिला घेऊन अर्ध्या डोंगरापर्यंत जाऊन आला. आवाज होता! पूर्वीपेक्षा मोठा होता! एव्हाना दोन गुरुवार गेले होते, आणि टिली सोफा धरून चालते असा रोवीनाचा निरोप आला होता.

त्यात वॉरंटची तारीख आली. वॉरंट म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला लायक असल्याची चिठ्ठी, काचेवर चिकटवायची. जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी नवी लागते. गावात ती देण्याचा अधिकार नायरी पोटिकीला. पंचेचाळिशीची, रुंद खांद्यांची बाई, स्वतःचं गॅरेज, बोलणं मोजकं. तिनं गाडी वर उचलली, खाली घेतली, चाकं हलवली, ब्रेक पाहिले, एकटी चालवून आली आणि चिठ्ठी लिहायला बसली. तेवढ्यात डेसचा प्रामाणिकपणा उफाळून आला.

"नायरी, एक सांगायचं राहिलं. सत्तरच्या वर डाव्या पुढच्या चाकातून आवाज येतो."

नायरीनं पेन खाली ठेवलं. "अहो डेस, कशाला बोललात?"

"म्हणजे?"

"मला काही ऐकू आलं नाही, मी चिठ्ठी देत होते. आता तुम्ही मालक म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. उद्या चाक निघालं तर मला विचारतील, बाई, तुला माहीत होतं ना? आता सापडल्याशिवाय मी सही करणार नाही."

"पण तुला तर ऐकू आला नाही!"

"म्हणून तर सापडायला वेळ लागेल."

तिसरा गुरुवारही गेला. गाडी नायरीच्या अंगणात उभी. डेस रोज पायी जाऊन तिला बघून यायचा, रुग्णालयात भेटायच्या वेळेला जावं तसा. परतताना लोक थांबवून सल्ले द्यायचे : टपावरची पट्टी काढ, टायर उलटे लाव, पेट्रोल बदल, गाडी बदल. एकानं तर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पाद्रीबुवांना सांगायला सुचवलं. मर्ल काही सुचवत नव्हती. ती रोवीनाला फोन करून फक्त विचारायची, "टाकलं का पाऊल?" आणि नाही म्हटलं की हुश्श करायची. नातीनं चालू नये म्हणून देवाला विनवणारी ती पहिलीच आजी असेल.

शेवटी बुधवारी नायरीचा फोन आला. "दोघं या. तुम्ही नेहमी जसे जाता तसेच बसा. मी मागे बसते. तपासणीसाठी म्हणून मी गाडी बाहेर काढू शकते."

तिघं निघाले. डेस चालवायला, मर्ल शेजारी, मांडीवर पर्स. मागे नायरी, हातात डॉक्टरांसारखी नळी, तिच्या टोकाला लांब सळई. मेकॅनिक लोक इंजिनाला लावून ऐकतात ती. सपाटीवर सगळं शांत. डोंगर सुरू झाला, डाव्या बाजूला दरी उघडली, काटा सत्तरच्या वर गेला, आणि पहिल्याच उजव्या वळणावर...

घूंऽऽऽ.

"आला!" डेस कुजबुजला.  महिन्याभरात पहिल्यांदा साक्षीदार होता.

"बोलू नका. चालवत राहा," नायरी म्हणाली.

तिनं सळई फरशीला लावली. मान हलवली. दाराला लावली. मान हलवली. पुढे वाकून डाव्या सीटच्या खाली लावली, मग सीटच्या पाठीला लावली, आणि तिथे बराच वेळ थांबली. मग हळूच सळई वर सरकवत सरकवत मर्लच्या खांद्याजवळ आणली. तिच्या चेहऱ्यावर असे काही भाव आले, की आरशातून पाहणाऱ्या डेसनं स्टिअरिंग घट्ट धरलं.

"डेस, गाडी बाजूला घ्या."

डेसनं घेतली. आवाज बंद.

"सापडला?"

"सापडला."

"बेअरिंग?"

"नाही," नायरी म्हणाली. "मर्ल."

 खालच्या रानातून एक पक्षी ओरडला, तो डेसला स्पष्ट ऐकू आला. मशिनं खरंच उत्तम होती.

"मी?" मर्ल म्हणाली. "मी काय केलं?"

"तुम्ही तोंड मिटून सूर लावता. गाडी वेगात वळणावर आली की सुरू, हळू झाली की बंद. प्रार्थनेची चाल आहे, ओळखीची वाटली. आमच्या आजीच्या अंत्यविधीला म्हटली होती ती."

मर्लनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिच्या गालावर आधी लाली आली, मग ती ओसरली. "अगं बाई! मला खरंच माहीत नाही गं. मी आपली... मी मनातल्या मनात म्हणते. भीती वाटली की म्हणते. मनातच म्हणते असं वाटायचं मला."

"भीती?" डेस म्हणाला. "कसली भीती?"

मर्लनं नवऱ्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षं एका घरात काढलेली बाई खोटं बोलायचं ठरवते तेव्हा आधी पर्सची चेन उघडते आणि लावते. तिनं उघडली, लावली, आणि मग खरंच बोलली.

"तुझ्या गाडी चालवण्याची, डेस."

परतताना गाडी पन्नासनं आली. सर्वांना ऐकू येईल अशी शांतता होती. गॅरेजमध्ये नायरीनं निमूटपणे चिठ्ठी लिहिली, काचेवर चिकटवली, आणि एवढंच म्हणाली, "याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही."

डेस घरी न जाता शेडवर गेला आणि एक धडधाकट खुर्ची खिळेच खिळे मारून दुरुस्त करायला लागला. त्याला राग आला होता, पण कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पंधरा वर्षं कानांनी दगा दिला हे खरं, पण त्याआधी? त्याआधी त्याचे कान शाबूत होते. तेव्हाही ती म्हणत असणार, आणि त्यानं ऐकलं नसणार, कारण तो तेव्हा ओरखडा नसल्याच्या गोष्टी सांगत असणार. आयव्हननं सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, लेका. माझी बायको डोळे मिटायची. मला वाटायचं, झोप लागलीय."

गुरुवार उजाडला. आकाश स्वच्छ. मर्लनं मुरंब्याच्या सहा बाटल्या, दोन्ही पायमोजे आणि पर्स घेतली आणि नेहमीसारखी डाव्या दाराशी जाऊन उभी राहिली. डेस किल्ली हातात घेऊन उजवीकडे उभा. कालपासून दोघं फक्त मीठ दे, दार लाव एवढंच बोलले होते.

"डेस," ती टपावरून म्हणाली, "तू नेहमीसारखी चालव. माझ्यासाठी हळू जाऊ नकोस, मागचे लोक तुला शिव्या देतील. मी आज तोंड मिटून... म्हणजे, आवाज येऊ देणार नाही. रुमाल आणलाय."

आणि तिनं खरंच घडी घातलेला रुमाल दाखवला.

 ही बाई नातीला भेटायला मिळावं म्हणून तोंडात रुमाल कोंबून दरीच्या कडेनं यायला तयार होती, आणि वर नवऱ्याचा मान राखत होती. डेसला स्वतःची लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. तो गाडीला वळसा घालून तिच्याजवळ आला आणि त्यानं किल्ली तिच्या हातात ठेवली.

"तू चालव."

"डोंगरावर? मी?"

"लायसन्स आहे ना तुझ्याकडे?"

"पन्नास वर्षांपासून आहे! तूच म्हणायचास, डोंगर तुझ्याच्यानं व्हायचा नाही."

"मी पुष्कळ काही म्हणायचो."

मर्लनं सीट पुढे ओढली, आरसे तीनदा नीट केले आणि निघाली. पंचेचाळीस. मागे दोन गाड्या लागल्या, तिनं कडेला घेऊन त्यांना जाऊ दिलं. मग एक मोटारघर लागलं, त्यालाही जाऊ दिलं. मोटारघरातल्या पाहुण्यांनी हात हलवून आभार मानले. डेसनं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट हात केला.

आणि मग सतरावं वळण आलं. त्याचं वळण. त्यानं फोडलेला खडक उजवीकडे उभा होता, तो त्याला ओळखीचा होता. डावीकडे मात्र त्यानं गाडीतून कधी पाहिलंच नव्हतं, पाहायची वेळच आली नव्हती. दाराच्या काचेतून खाली बघितलं तर रस्ता नव्हता. एक पांढरा खुंट, आणि त्याच्यापलीकडे एकदम झाडांचे शेंडे. त्याचे पाय आपोआप फरशीवर दाबले गेले, पण ब्रेक तिकडे मर्लच्या पायाशी होता.

"मर्ल," तो म्हणाला, "इथे कठडा नाही."

"नाही."

"इथे कठडा हवा होता."

"कधीचा हवाय."

"मग घातला का नाही कुणी?"

मर्लची नजर रस्त्यावरून हलली नाही. "मुकादम तू होतास," ती म्हणाली.

डेसनं दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलं, ते पुढची दहा वळणं सोडलं नाही. डोंगर उतरल्यावर त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "चुकलं माझं." मर्लनं गिअर बदलला आणि त्याचा हात थोपटला. बस्स, एवढंच.

फाटकात रोवीना टिलीला कडेवर घेऊन उभी होती. आईला ड्रायव्हरच्या सीटवरून उतरताना पाहून तिचे डोळे विस्फारले. तिनं पोरीला गवतावर उभं केलं, आणि पोरीनं आईचं बोट सोडून आजीच्या दिशेनं एक, दोन, तीन पावलं टाकली आणि चौथ्याला बसकण मारली. मर्ल तिथेच गवतात बसली, पर्ससकट, आणि रडायला लागली.

रोवीनानं बापाला बाजूला घेतलं. "बाबा, तो आवाज? खरंच गेला? काय निघालं शेवटी?"

डेसचा चेहरा अजून पांढराच होता. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा गवतातल्या बायकोकडे.

"काही मोठं नव्हतं," तो म्हणाला. "ड्रायव्हर खराब होता. बदलला."